नऊ चाळीसचं रक्त

बसा रे. आठ वाजायला अजून पाऊण तास आहे. लाइट गेली ती नऊशिवाय यायची नाही, तेव्हा कंदील मधे ठेवा आणि जवळ सरका. दुपारी चारलाच रक्त घेऊन टाकू, कागदावर रात्रीची वेळ लिहू आणि शेवटच्या एसटीनं परत जाऊ, असं तुमच्यापैकी कोण म्हणालं ते मी विचारत नाही. मी ऐकलं, एवढंच सांगतो.

जे सांगणार आहे ते माझ्याबरोबर काम केलेल्या माणसाचं आहे. त्याचं नाव चंद्रभान. तो अजून जिवंत आहे, म्हणून आडनाव सांगत नाही. गावाचंही खरं नाव नको. पिंपळधरी म्हणू. देवळीच्या पुढं डांबरी सडक सोडली की दोन कोस आत. ते माझंच गाव.

सन चौऱ्याऐंशी, सप्टेंबरची अठरा तारीख, मंगळवार. आमचं फायलेरियाचं, म्हणजे हत्तीरोगाचं पथक तेव्हा एका भाड्याच्या घरात होतं. मायक्रोस्कोप माझ्याकडे. सकाळपासून मी रक्ताच्या पट्ट्या रंगवायचा रंग गाळत होतो आणि चंद्रभान समोर बसून सोड्याच्या पाण्यात काचपट्ट्या धूत होता. काहीतरी गमतीचं सांगत होता. काय ते आता आठवत नाही, पण मी हसत होतो. तेवढ्यात आमच्या गावचा कोतवाल कवडू सायकलवरून आला आणि दारातच उभा राहिला.

"मधुभाऊ, घरी चाला."

"काऊन रे?"

"चाला म्हणतो नं."

मी हातातलं गाळणं खाली ठेवलं नाही. तेव्हा तो भिंतीकडे बघत म्हणाला, "कोकिळाबाई... विहिरीत सापडली."

कोकिळा माझी धाकटी बहीण. चंद्रभान उठला, त्यानं हात पुसले आणि मला पाणी दिलं. स्वतःच्या हातानं दिलं.

आता थोडं मागं जातो. शहात्तर साली कोकिळा पंधरा वर्षांची होती. सातवी पास. मधूनमधून तिला हुडहुडी भरून ताप यायचा आणि जांघेत गाठी यायच्या. मी नुकताच या खात्यात लागलो होतो. तिला म्हणालो, घाबरू नको, आमचं पथक गावात येणारच आहे, रात्री रक्त घेतील, मी स्वतः तपासीन. रात्रीच का, ते तिनं विचारलं. तुम्हाला ठाऊक आहे, तिलाही मी तेच सांगितलं. हे जंतू दिवसा छातीतल्या शिरांमध्ये दडून असतात. रात्री डास चावायच्या वेळेला बोटांपर्यंत येतात. दिवसा घेतलेल्या रक्तात काही दिसत नाही.

तिची काचपट्टी माझ्याकडे आली. कागदावर लिहिलं होतं, कोकिळा नत्थूजी, वय पंधरा, वेळ रात्री नऊ चाळीस. खाली चंद्रभानची सही. मी ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा पाहिली. एकही जंतू नव्हता. त्याच संध्याकाळी मी पोस्टकार्ड टाकलं. 'तुला काही झालेलं नाही. निश्चिंत राहा.'

ती निश्चिंत राहिली. एकोणऐंशीत लग्न झालं, कारंजा घाडगेच्या बाजूला दिली. एक्क्याऐंशीत डावा पाय सुजू लागला. दोन वर्षांत त्याचा खांब झाला. सासू चार बायांत म्हणायची, "आमी सून पाह्यली, हत्ती कोनी पाह्यला?" मग एक दिवस तिला पेटीसकट आमच्या दारात उतरवून दिलं. तिची चप्पल डाव्या पायात जाईना, तेव्हा आईनं वारलेल्या बाबांचा जोड काढला. उजव्या पायात तिची स्वतःची, डाव्या पायात बाबांची. विहिरीच्या काठावर त्या दोनच तेवढ्या सापडल्या. शेजारी शेजारी, नीट लावून ठेवलेल्या.

तेरवीच्या रात्री माणसं गेल्यावर आई, मनकर्णाबाई, चुलीपाशी बसून म्हणाली, "तुयाच हापिसातला होता तो. दिवसाच आलता."

"कोण?"

"रक्त घेनारा. मी कापूस वेचून आली तं चार वाजले होते. कोकिळी त्याले म्हने, भाऊ, रातीच घ्या लागते नं? तं तो म्हने, काई फरक नाई पडत बाई, मले देवळीची गाडी पकडाची हाय."

मी आईला काही बोललो नाही. चंद्रभानलाही बोललो नाही. रोज त्याच्यासमोर बसून चहा प्यायलो.

डिसेंबरात गावांचा फेरा लागला. याद्या मी करायचो. पिंपळधरी मी चंद्रभानच्या वाट्याला लिहिली. तो म्हणाला, "तुयाच गावचं मले काऊन देतं बापा?" मी म्हणालो, "तुझ्याच हाताचं जुनं गाव आहे. मागच्या वेळचीच माणसं तपासायची आहेत."

जुनी यादी मी नव्या कागदावर उतरवली. वारलेल्यांची नावं खोडायची असतात. पाच खोडली. सहावं खोडलं नाही. सव्वीस, मनकर्णाबाई नत्थूजी. सत्तावीस, कोकिळा नत्थूजी, वय तेवीस.

आईला मी माझ्याकडे आणून ठेवलं होतं. घराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात. पण आपली पद्धत तुम्हाला माहीत आहे. घर बंद असलं तरी दारात उभं राहून नावं मोठ्यानं वाचायची, म्हणजे शेजारी ऐकतात आणि माणूस कुठं गेला ते सांगतात. मला एवढंच हवं होतं. त्या बंद दारासमोर उभं राहून त्यानं ते नाव मोठ्यानं वाचावं, आणि शेजाऱ्यांनी ती कुठं गेली ते त्याला सांगावं.

शुक्रवार, चौदा डिसेंबर एकोणीसशे चौऱ्याऐंशी. निवडणुकीसाठी जीप काढून घेतली होती, म्हणून चंद्रभान सायकलनंच गेला. सोबत कंदील घेऊन कवडू. पुढचं सगळं मी त्या दोघांकडून वेगवेगळं ऐकून जुळवलेलं आहे.

साडेआठला सुरुवात झाली. चंद्रभान बोलका माणूस. रुख्माबाई म्हणून एक म्हातारी होती, तिनं दारातूनच सुनावलं, "आले पाहा रक्त पेनारे! मच्छर कमी होते का गावात?"

"मच्छर इचारून नाई पेत मावशी. मी इचारून पेतो. आना बोट."

सगळे हसले. थंडी होती. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवायचा होता. पंचवीस नंबरचे पुंडलिकराव अडून बसले, बोट देईनात. कवडू त्यांची समजूत घालत राहिला. चंद्रभाननं घड्याळ पाहिलं, बॅटरी घेतली आणि म्हणाला, "हे एक सुई अन् पट्टी ठेव, तू याले पटव. मी पुढचं घर करतो."

पुढचं घर आमचं. मधे एक गोठा आणि बाभूळ. आठ वर्षांपूर्वी तो एकदाच त्या दारात आला होता. मयतीलाही आला नव्हता. त्याला घर ओळखू आलं नाही.

दार उघडं होतं. आत चिमणी जळत होती. उंबऱ्याबाहेर चपला होत्या. एक बाईची. एक बाप्याची. शेजारी शेजारी, नीट लावलेल्या. नवराबायको असतील असं त्याला वाटलं. मग वाटलं, दोघांची एकेकच कशी?

त्यानं यादीवर बॅटरी धरली.

"मनकर्णाबाई नत्थूजी."

त्यानं बॅटरी एक ओळ खाली आणली.

"कोकिळा नत्थूजी, वय ते..."

जीभ तिथंच थांबली. नाव त्याच्या ध्यानात आलं होतं. पण वाचून झालं होतं.

आतून आवाज आला.

"हाव."

तो मला म्हणाला, मधुभाऊ, मी वळलो होतो. देवाशपथ वळलो होतो. एक पाय उचलायला गेलो. तो पाय उचललाच गेला नाही.

दाराच्या कडेतून एक हात बाहेर आला. डावा हात. तळवा वर, चौथं बोट पुढं केलेलं. आपण लोकांना शिकवतो तसं. हात ओला होता. मनगटावरून पाणी ठिबकत होतं.

"घ्या भाऊ."

त्यानं स्पिरिटचा बोळा लावला. का लावला ते त्याला सांगता येत नाही. सवयीनं. सुई टोचली. रक्त आलं नाही. पुन्हा टोचली. नाही आलं. बोट दाबलं... त्यातून पाणी आलं.

"किती वाजले?"

तो त्या ओल्या बोटाकडेच बघत होता.

"भाऊ, घड्याळ हाय नं तुमच्या हाताले. किती वाजले?"

"नऊ... नऊ चाळीस."

"लिहा."

त्यानं लिहिलं.

"आता रात हाय नं?"

त्यानं मागं वळून अंधाराकडे पाहिलं.

"सांगा. हाय नं रात?"

"हाय."

"मंग आता येईल."

आणि रक्त आलं. काळं. त्यानं काचपट्टी खाली धरली. थेंब पडला आणि आपोआप पसरला. मग ती उठल्याचा आवाज आला. एक पाऊल हलकं. दुसरं... पोतं टाकल्यासारखं. चिमणी विझली. हात मात्र तसाच दारात होता. आता एकच बोट पुढं नव्हतं, सगळा तळवा पसरला होता. काहीतरी मागत होता.

"सुई द्या."

त्यानं सुई त्या तळव्यावर ठेवली.

"आता तुमचं बोट."

बस. एवढंच तो सांगतो. मी चार वर्षांत अनेकदा विचारलं.

कवडू आला तेव्हा चंद्रभान आमच्या ओट्यावर बसला होता. मांडीवर काचपट्ट्यांची पेटी. पाठीमागं दाराला कुलूप. कवडूनं कंदील वर करून कुलूप ओढून पाहिलं, पक्कं होतं. चपला नव्हत्या. चंद्रभानच्या डाव्या हाताच्या चौथ्या बोटातून रक्त वाहत होतं. ते सकाळपर्यंत थांबलं नाही. स्पिरिट लावलं, चुना लावला, फडकं बांधलं. तो कवडूला एकच विचारत होता, "किती वाजले?"

पुढच्या होळीला त्याचा डावा पाय सुजला. तुम्ही म्हणाल, फायलेरियाचा पाय तीन महिन्यांत सुजत नाही. बरोबर आहे. मीही तेच म्हणालो. त्यानं माझ्यासमोर हात पसरला. मी सात रात्री, रोज नऊ चाळीसला, त्याचं रक्त घेतलं आणि तपासलं. सातही वेळा निगेटिव्ह. तो रडायचा. "मधुभाऊ, नीट पाह्यजो नं. एकडाव अजून पाह्यजो." मी नीटच पाहत होतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनदा. मग कागदावर निगेटिव्ह लिहून त्याच्या हातात द्यायचो. म्हणायचो, "तुला काही झालेलं नाही. निश्चिंत राहा."

मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

शहाऐंशीत त्यानं नोकरी सोडली. त्याच्या उंबऱ्याबाहेर आता दोन वेगळ्या मापाच्या चपला असतात. बायको, कांता, त्याला जेवू घालते, पण रात्री दहाच्या आधी तो घरात कोणाला चिमणी विझवू देत नाही.

काय म्हणालास? भीती बसली असेल, मनाचे खेळ असतील? मलाही तसं म्हणता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ती पेटी माझ्याकडे आली होती. प्रत्येक पट्टीवर काच कोरायच्या हिरकणीनं नंबर कोरलेला. एक ते पंचवीस. पुंडलिकरावांनी शेवटी बोट दिलं होतं, कवडूनं घेतलं ते कसंबसं. सव्वीस नव्हता, कारण आई माझ्या घरी होती. सत्तावीस होता.

मी ती पट्टी पाण्यातून काढली, रंगवली, वाळवली आणि भिंगाखाली ठेवली. बारा वर्षं हे काम करतो आहे. एका थेंबात दहा जंतू सापडले तरी आम्ही एकमेकांना बोलावून दाखवतो. त्या थेंबात मोजायला जागा नव्हती. एकावर एक, नुसती जांभळी गुंतवळ. मी मोजलं नाही. कोणाला बोलावलंही नाही. रजिस्टरमध्ये सत्तावीस नंबरपुढं लाल शाईनं पॉझिटिव्ह लिहिलं आणि वेळ लिहिली. चंद्रभानला ते कधी सांगितलं नाही.

ही पाहा, खिशातच आहे. कागदात गुंडाळलेली. हात लावू नका, कंदिलासमोरून पाहा. चार वर्षं झाली. बाकीच्या पट्ट्यांचा रंग एका वर्षात उडाला. हिचा उडाला नाही.

तिचा हिशेब चंद्रभानशी होता, तो तिनं केला. पण पोस्टकार्ड मी लिहिलं होतं.

आठ वाजत आले. उठा, पेट्या घ्या. घड्याळ मिळवून घ्या, आणि जी वेळ असेल तीच लिहा. नियम तुम्हाला ठाऊक आहे. ज्याचं रक्त पॉझिटिव्ह निघालं त्याच्या घरी जायचं, आपल्यासमोर गोळ्या गिळायला लावायच्या, बारा दिवस. पिंपळधरीच्या त्या यादीत एकच पॉझिटिव्ह आहे.

तिच्या गोळ्या मी अजून दिलेल्या नाहीत.