चाखायच्या खोलीतला वास

ती पिंपाच्या भोकाला नाक लावून उभी होती, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "आतून काही उत्तर येतंय का?"

तिने डोळे उघडले. ट्रकमधून नुकतीच उतरवलेली व्हिस्कीची रिकामी पिंपं अंगणात आडवी पडली होती, आणि त्यांच्याबरोबर आलेला पिंपवाला हातोडी खांद्यावर टाकून तिच्याकडे बघत होता. हसत नव्हता, पण हसू दाबायचे कष्ट मात्र घेत होता.

"येतंय ना," ती म्हणाली. "ट्रकवाला म्हणतो, गेल्या आठवड्यात रिकामी केली. हे पिंप म्हणतंय, महिना होऊन गेला."

"पिंप खरं बोलतंय."

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"ऐकलं होतं, इथे एक नाक आहे म्हणून," तो म्हणाला. "म्हटलं, बघू तरी…"

नाक म्हणजे तीच. मामाच्या छोट्याशा ब्रुअरीत तिला सगळे याच नावाने हाक मारत. दूध नासायच्या आदल्या दिवशी ही सांगते, असं मामी कौतुकाने म्हणायची, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. मामा आयुष्यभर साधी, पिवळी बिअर करत आला होता. एल नावाची काळीभोर, दाट बिअर करायची आणि ती व्हिस्कीच्या पिंपात मुरवायची, हे खूळ भाचीचं. तिने हट्ट धरून धरून मामाच्या नाकी नऊ आणले, तेव्हा कुठे तो तयार झाला. "एकदाच," त्याने बजावलं होतं. "जमलं तर तळघर तुझं. तुला हवं ते मुरव. नाही जमलं तर पिंपं विकायची आणि हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही."

एल बाटल्यांत भरेपर्यंत पिंपवाल्याला ठेवून घेतलं. गळकी पिंपं ठोकायची, सैल कड्या आवळायच्या, आतलं लाकूड पुन्हा विस्तवावर भाजायचं. अंगणातल्या शेडमध्ये दिवसभर त्याची ठकठक चालायची. तळघरात जायचा रस्ता काही शेडवरून नव्हता. तरी ती शेडवरूनच जायची. आपल्याला हे कळतंय, हे तिला कळत होतं, आणि तिने त्यावर जास्त विचार करायचा नाही असं ठरवलं होतं.

पिंपं भरून एल मुरायला लागली, तशी दर गुरुवारी दुपारी चाखायच्या खोलीत चव घ्यायची बैठक सुरू झाली. मामा, मामी, ती आणि पिंपवाला. ज्याने पिंप ठोकलं त्याने चाखलंच पाहिजे, हा मामाचा आग्रह. नियम मात्र तिचे. त्या दिवशी अत्तर नाही, वासाचं तेल नाही, सुगंधी साबण नाही. मामीला तर एकदा तिने हाताला लावलेल्या क्रीमपायी दारातूनच परत पाठवलं होतं.

"आणि तुम्ही?" पहिल्याच दिवशी तिने पिंपवाल्याला विचारलं.

"मला कोण अत्तर देणार?"

"साबण?"

"साधा. कपडे धुवायचाच. हुंगून बघा हवं तर."

"काही गरज नाही," ती घाईघाईने म्हणाली, आणि ग्लास भरायला वळली.

तिने काचेच्या नळीने पिंपातून एल काढली. ग्लासात ती जवळजवळ काळी दिसे, उजेडासमोर धरली की कडेला तांबूस. मामा "बरी आहे" याच्यापुढे जात नसे. मामीला प्रत्येक वेळी गूळ सापडे. पिंपवाला मात्र ग्लास बराच वेळ हातात फिरवायचा.

"कपाटासारखी लागते," एकदा तो म्हणाला.

"कपाट ही चव नाही."

"लाकडी कपाट. आत कुणीतरी मनुका लपवून ठेवल्यात…"

"बरं. पुढे?"

"पुढे काय? लपवणारी विसरून गेली. मी शोधतोय."

तिला हसू फुटलं आणि एल नाकात गेली. नाकाच्याच नाकात गेली म्हणून मामा पोट धरून हसला. पिंपवाल्याने तिच्यापुढे रुमाल धरला, आणि तो परत घ्यायला विसरला. तिनेही आठवण केली नाही.

पाहता पाहता एल सुधारत गेली. धूर आला, व्हॅनिला आली, मागून सावकाश व्हिस्कीची ऊब आली. एका गुरुवारी तिने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "झाली तयार." मामाने पुढल्या पंधरवड्यातला सोमवार बाटल्या भरायला ठरवून टाकला. ती इतकी खुशीत होती, की सोमवारनंतर शेड रिकामी होणार हे तिच्या ध्यानात यायला रात्र जावी लागली.

सोमवारच्या आधीच्या गुरुवारी पिंपवाला आला नाही. नदीपलीकडच्या मोठ्या ब्रुअरीने त्याला कामासाठी भेटायला बोलावलं होतं. तिघांनीच शेवटची चव घ्यायची म्हणून ग्लास भरले. तिने घोट घेतला आणि ग्लास पुन्हा नाकाशी नेला.

व्हिस्की नव्हती. धूर नव्हता. करपट कॉफीसारखं काहीतरी होतं, थोडा गोडवा होता, आणि बस्स.

"गूळ आहे," मामी म्हणाली. "पण आज जरा पातळ वाटते नाही?"

"तुम्हा दोघींना भरायच्या आधी धास्ती लागलीय," मामा म्हणाला आणि उठून गेला.

तिने लवंग हुंगली, लिंबू कापून हुंगलं. नाक ठणठणीत होतं. दुसऱ्या पिंपातली एल काढली, तिसऱ्यातली काढली. सगळीकडे तेच. रातोरात सगळी पिंपं कशी बिघडतील?

दुसऱ्या दिवशी बुचं ठोकायला हातोडी हवी म्हणून ती शेडमध्ये गेली. पिंपवाल्याचं जाकीट खिळ्याला लटकत होतं. त्याच्या बाजूने जाताना ती थबकली. मग इकडेतिकडे बघून तिने जाकीट खाली घेतलं आणि त्यात सरळ तोंड खुपसलं.

धूर. व्हॅनिला. भाजलेलं लाकूड. आणि मागून, सावकाश, व्हिस्कीची ऊब.

दिवसभर पिंपांत डोकं घालून बसणारा माणूस, त्याला दुसरा कसला वास येणार! तिने मामीचं क्रीम पकडलं होतं, मामाच्या मिशीचं तेल पकडलं होतं. हा एकटा तिने हुंगायचा राहिला होता.

"आतून काही उत्तर येतंय का?" दारातून आवाज आला.

तिने जाकीट खाली केलं. तोंड तापलं होतं.

"एल तयार नाही," ती म्हणाली. "मी इतके दिवस… तुमचीच चव घेत होते."

त्याने ओठ दाबले, आणि ती म्हणाली, "हसू नका."

"हसत नाही. सोमवारी भरली तर?"

"पातळ निघेल. माझी पहिली एल, आणि पातळ. आणि थांबवावी तर मामांना काय सांगू? तुमचं काम एल भरेपर्यंत आहे. मामा म्हणतील, पिंपवाल्याला थांबवून घ्यायला हिने बिअर अडवली."

"…आणि ते खोटं आहे?"

"एल खरंच कच्ची आहे!"

"मी एलबद्दल नाही विचारलं."

ती जाकीट घेऊन तरातरा निघून गेली. परत द्यायचं भानच नव्हतं.

शनिवारी तिने मामा-मामीला चाखायच्या खोलीत बसवलं. पिंपवाल्याला दाराबाहेर, दहा हात लांब उभं केलं. नाकाचंच नाक कापलं जाणार होतं, पण इलाज नव्हता.

"घ्या," तिने मामाला ग्लास दिला.

मामाने घोट घेतला. "पातळ," तो नाखुशीने म्हणाला.

तिने पिशवीतून जाकीट काढलं, मामाच्या शेजारच्या खुर्चीवर टाकलं. "आता घ्या."

मामाने घोट घेतला, भुवया वर गेल्या. "ही बघ! आली की व्हिस्की!" मग त्याने खुर्चीकडे पाहिलं, ग्लासकडे पाहिलं. "म्हणजे आपण इतके दिवस याचं जाकीट पीत होतो?"

मामीला हसू आवरेना. मामाला मात्र दुसरंच सुचलं होतं.

"म्हणजे एल थांबणार," तो म्हणाला. "आणि एल थांबली की हाही थांबणार. बरं जुळून आलं!"

ती यालाच घाबरत होती. पण आता बोलणं भाग होतं.

"मामा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एल कच्ची आहे, आणि ती तयार आहे असं मी सांगितलं ही माझी चूक. दुसरी गोष्ट… तो थांबावा असं मला वाटतं. फार वाटतं. पण त्याच्यासाठी मी एल अडवलेली नाही. तो सोमवारी गेला तरी एल दोन महिने हलणार नाही. तळघर द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

दाराबाहेरचा माणूस दहा हातांवरून आता उंबऱ्यावर आला होता. त्याला कुणी हटकलं नाही.

मामाने मिशी कुरवाळली. मग खिशातून तळघराची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे सरकवली.

"ठेव तुझ्याकडे," तो म्हणाला. "चुकलं तर चुकलं म्हणतेस, एवढं मला पुरे आहे. दोन महिन्यांत तयार होईल ना पण?"

"कोण?" मामीने विचारलं. "एल, की हा?"

"एल होईल," ती मान खाली घालून म्हणाली. "त्याचं त्याला विचारा…"

"माझं कधीच झालंय," पिंपवाला उंबऱ्यावरून म्हणाला. "नदीपलीकडच्यांना मी गुरुवारीच नाही म्हणून आलो."

तिने झटकन वर पाहिलं. "मग काल का नाही सांगितलंस?"

तुम्हीचं तू झालं, हे मामीच्या लगेच लक्षात आलं. जिने म्हटलं तिला ते नंतर कळलं.

"तू एलबद्दलच बोलत होतीस," तो म्हणाला.

"पुरे," मामा म्हणाला. "ते जाकीट उचल आणि बाहेर हो. या खोलीत तुला बंदी."

त्याने जाकीट उचललं आणि अंगणात गेला. तिने किल्ली मुठीत घेतली, हातातला ग्लास मामीकडे दिला आणि त्याच्या मागोमाग बाहेर पडली.