चारात एकदा

मिग्दालियाच्या थोरल्या बहिणीला जुळं झालं आणि पाळणा एकच असल्यामुळे दोन्ही पोरं दुकानातल्या तांदळाच्या पोत्यांवर निजवावी लागली, ते साल एकोणीसशे सदुसष्ट. बहीण पोरांत गुंतली, म्हणून पैजांचे भाव लिहायचा फळा मिग्दालियाकडे आला.

फळा दुकानाच्या ओसरीवर टांगलेला असे. ला एस्पेरा साखर कारखान्याच्या वसाहतीत रविवारी बेसबॉल असायचा, आणि शनिवारी दुपारी त्यावर पैजा लागायच्या, त्या तेलेस्फोरोच्या दुकानात. तेलेस्फोरो म्हणजे मिग्दालियाचा बाप. वसाहतीत वाचता येणारी माणसं थोडी. त्यामुळे फळ्यावर दोन नावं आणि दोन आकडे लिहून झाले की मिग्दालिया साबणाच्या खोक्यावर उभी राहायची आणि उद्याचा सामना बोलून सांगायची. कोण किती मारतो, कोण कुठल्या डावात दमतो, सगळं. हिशेब तिचा कडधान्यांवर चाले. मैदानात बसताना उजव्या खिशात लाल घेवडा, डाव्या खिशात काळा. फटका बसला की एक लाल डब्यात. चेंडू वाकडे टाकून फलंदाजाला फुकट बेस दिला की एक काळा.

त्या शनिवारी पाऊस होता. ओसरीच्या पत्र्यावर ताशा वाजत होता आणि त्याच्या वर आवाज चढवून मिग्दालिया सांगत होती, "उद्या आपल्याकडून नवा डावखुरा पहिला चेंडू टाकणार. वॉल्टर्स आडनावाचा. ट्रकवाले सांगतात, गेल्या चार सामन्यांत त्यानं एकवीस फुकट बेस वाटले. एवढं तर चर्चसुद्धा वाटत नाही!"

लोक हसले. तेवढ्यात एक उंच, सावळा, नखशिखांत भिजलेला तरुण खांद्यावरची पिशवी सांभाळत पत्र्याखाली शिरला आणि गर्दीच्या कडेला उभा राहिला.

"म्हणून भाव एकाला तीन," मिग्दालिया म्हणाली. "डावखुऱ्यावर एक पेसो लावा. जिंकला तर तुमचा एक परत आणि वर तीन. आणि नेहमीचं ऐकून ठेवा. पैज नावावर आहे. फळ्यावर ज्याचं नाव, त्यानं पहिला चेंडू टाकला नाही, तर सगळ्या पैजा रद्द, सगळे पैसे परत."

"बाई," तो भिजलेला तरुण म्हणाला, "एकाला तीन म्हणजे तो अगदीच टाकाऊ आहे का?"

"टाकाऊ नाही. चारदा खेळला तर एकदा जिंकेल, तीनदा हरेल. एवढाच त्याचा अर्थ."

"दिसायला कसा आहे म्हणे?"

"दिसण्यावर भाव लागत नाही."

"लागला असता तर?"

मिग्दालियानं आता नीट पाहिलं. केसांतून पाणी ओघळत होतं… आणि पाणी निपटणारा हात डावा होता. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण खोक्यावरून ती उतरली नाही.

"तरी एकाला तीनच," ती म्हणाली. "आणि खेळणाऱ्याला पैज लावता येत नाही, वॉल्टर्स. काही विकत घ्यायचं असेल तर साबण आहे."

त्यानं साबण घेतला.

दुसऱ्या दिवशी लिसांद्रो वॉल्टर्स हरला. सातव्या डावात त्याचा हात ढिला पडला, फलंदाज चालत चालत बेस भरत गेले, मिग्दालियाचा डावा खिसा रिकामा झाला. सोमवारी तो दुकानात हजर.

"माझे काळे घेवडे कुठायत?"

"शिजवले. भाताबरोबर खाल्ले. घरातल्या सहा जणांना पुरले."

"मग चव कशी होती?"

"जरा वाकडी होती," ती म्हणाली, आणि लिसांद्रो इतका मोकळा हसला की पोत्यावरचं एक जुळं जागं झालं.

त्यानंतर तो दर शनिवारी आपल्या भावाबद्दल भांडायला येऊ लागला. आजी दुसऱ्या बेटावरून आलेली, तिच्या हातचे यानिकेके, म्हणजे मैद्याच्या तळलेल्या जाड पुऱ्या, कागदात बांधून आणायचा, तेल सुटलेले, गरम. मिग्दालिया ते खायची आणि आकडा जिथल्या तिथे ठेवायची.

"ही लाच आहे का?"

"लाच असती तर आत चीज घातलं असतं."

मग एके दिवशी तिनं त्याला बजावलं, "सातव्या डावात तुझं कोपर खाली येतं. मी जाळीमागून बघते ना, मला दिसतं." कोणा शिकवणाऱ्यानं त्याला हे सांगितलं नव्हतं. पुढचा आठवडाभर तो कारखान्यामागच्या भिंतीवर चेंडू फेकत राहिला, आणि ती संध्याकाळी उसाच्या वजनकाट्यापाशी उभी राहून "कोपर!" एवढंच ओरडायची. भाव उतरत गेला. एकाला दोन झाला, मग बरोबरीचा झाला. एका संध्याकाळी ती "कोपर" म्हणाली नाही. तो भिंतीकडून वळून जवळ आला, चुन्यानं पांढरा झालेला हात तिच्या हाताला… जरासा, नुसता टेकवला. वजनकाट्यावरच्या माणसानं सगळं पाहिलं.

वसाहतीत बातमी पसरायला ट्रक लागत नाही. शुक्रवारपर्यंत सगळीकडे कुजबुज झाली. रविवारी सान ग्रेगोरियो कारखान्याशी शेवटचा सामना, वर्षाची ढाल त्यावर. चेंडू टाकणार लिसांद्रो. आणि भाव लावणारी पोरगी त्याची? मग तर ठरलेलंच आहे सगळं. तो हरणार, दुकान पैसे ओढणार.

तेलेस्फोरोनं मिग्दालियाला मागच्या खोलीत बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता.

"पोरी, भाव लावणाऱ्या घरात चेंडू टाकणारा जावई चालत नाही. आजवर या ओसरीवर मला कोणी चोर म्हटलं नाही. फळा सोड, नाहीतर त्याला सोड."

"आणखी काही?"

"किंवा त्याला सांग खेळ सोडायला. कारखान्यात चाकरी लावून देतो."

"पापा, फळा माझा आहे. तोही माझा आहे. आणि चेंडू त्याचा आहे. यातलं काहीच कोणी सोडणार नाही."

"मग लोकांची तोंडं कशी धरशील?"

"धरणारच नाही. त्यांनी बोलायच्या आधी मीच बोलेन."

शनिवारी ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पुढेच नीना मावशी बसली होती, धुणी धुऊन पोट भरणारी, दर आठवड्याला एकच पेसो लावणारी. मागे संघाचा शिकवणारा मांगुआल, हाताची घडी घालून. आणि खांबाला टेकून लिसांद्रो. मिग्दालिया खोक्यावर चढली. तिनं पाय फाकवून रोवले.

"उद्याचा सामना," तिनं सुरुवात केली. "सान ग्रेगोरियोच्या नऊ फलंदाजांत सात जण उजव्या हाताचे. डावखुऱ्याचा चेंडू त्यांना स्वच्छ दिसतो. डावखुऱ्यांविरुद्ध त्यांनी या वर्षी आठ सामने खेळले, सात जिंकले. त्यांच्या चेंडू टाकणाऱ्यानं महिनाभरात एकदाही तीनच्या वर धावा दिल्या नाहीत. आपला वॉल्टर्स सहाव्या डावापर्यंत चांगला. सातव्यात त्याचं कोपर खाली यायचं. आता कमी येतं, पण येतं."

तिनं श्वास घेतला.

"आणखी एक गोष्ट पैजेच्या आधी तुम्हाला ठाऊक हवी. ती लपवली तर तो खोटा भाव होईल. माझं लिसांद्रो वॉल्टर्सवर प्रेम आहे. तुम्ही काटेवाल्याकडून ऐकलंय, आता माझ्याकडून ऐका. हे हिशेबात धरा. मी धरलंय, आणि माझ्या आकड्यात त्यानं फरक पडत नाही. वॉल्टर्स, एकाला तीन!"

बर्फाच्या पेटीत बिअरची बाटली शोधणाऱ्यानं मान वर केली. मग खांबापासून आवाज आला.

"प्रेम आहे म्हणतेस आणि एकाला तीन?"

"हो."

"अगं, निदान एकाला दोन तरी कर! आजी काय म्हणेल?"

"आजीला सांग, सून खोटं बोलत नाही."

ओसरी फुटल्यासारखी हसली. लिसांद्रो पुढे आला, खोक्यापाशी उभा राहिला. खोक्यावर उभी असूनही ती त्याच्या डोळ्यांच्या रेषेतच होती. तो लोकांकडे वळला. "माझंही आहे," तो म्हणाला. एरवी इतका बोलका, पण एवढंच बोलला.

"नाटक!" कोणी तरी मागून ओरडला. "हरायचं ठरलंय! सान ग्रेगोरियोवर पाच पेसो!"

"हरतोय कशाला?" नीना मावशी उठली. "असं पोरगं पोरीसमोर हरायला मैदानात उतरतं का, मेल्या? वॉल्टर्सवर माझे चार. एक नाही, चार!"

मग जी झुंबड उडाली, तशी त्या ओसरीनं कधी पाहिली नव्हती. निम्मे म्हणत विकलाय, निम्मे म्हणत पेटलाय, आणि दोघंही पैसे पुढे करत होते. तेलेस्फोरोच्या कपाळावरून घाम निथळत होता.

सगळं थंडावल्यावर मांगुआल पुढे आला. "ऐका. उद्या वॉल्टर्स बसेल. मी दुसरा देतो. फळेवालीच्या प्रियकरावर मी ढाल लावणार नाही."

मिग्दालियाचा चेहरा उतरला. लिसांद्रोनं मुठी आवळल्या. पण त्या दोघांना तोंड उघडायची वेळच आली नाही.

"बसेल म्हणजे?" नीना मावशी मांगुआलच्या छातीशी जाऊन उभी. "पैज नावावर आहे! तो बसला तर माझे चार फक्त परत येतात. मला बारा हवेत वर!"

"आणि माझ्या पाचाचं काय?" मघाशी नाटक म्हणून ओरडणारा तोच. "तो हरणार हे मला पक्कं ठाऊक आहे. खेळलाच पाहिजे तो!"

"अरे, पण तुम्हीच म्हणता विकलाय—"

"विकला असेल तर असू दे! आम्ही पाहून घेऊ. तू त्याला बसवलंस तर विकलेला तू!"

मांगुआलनं चारी बाजूंना पाहिलं. वॉल्टर्सवर विश्वास ठेवणारे आणि न ठेवणारे, सगळे एकाच गोष्टीसाठी ओरडत होते. तो टोपी डोक्यावर दाबून निघून गेला. "टाकू दे," जाता जाता पुटपुटला. "टाकू दे मेल्याला."

रविवारी मिग्दालिया नेहमीच्या जागी, जाळीमागे बसली, दोन्ही खिसे भरून. सगळ्यांचे डोळे अर्धे मैदानावर, अर्धे तिच्यावर. सहा डावांत लिसांद्रोनं एकच धाव दिली. ला एस्पेरानं कशाबशा दोन काढल्या. सातव्यात पहिला फलंदाज फुकट बेसवर गेला. दुसराही. मागून शिट्ट्या सुरू झाल्या, "बघा, बघा, आता विकेल!" तिसऱ्यालाही बेस. मिग्दालियानं तिसरा काळा घेवडा डब्यात टाकला. मग ती उठली, जाळीला दोन्ही हातांनी धरलं आणि सान ग्रेगोरियोच्या, ला एस्पेराच्या, बापाच्या, मांगुआलच्या, सगळ्यांच्या देखत ओरडली,

"कोपर, लिसांद्रो! कोपर!"

त्यानं वळून पाहिलं. हसला, आणि कोपर वर नेलं.

पुढचे तीन फलंदाज चेंडूला बॅट लावू शकले नाहीत. आठवा डाव गेला, नववा गेला, आणि दोन-एकनं ढाल ला एस्पेराची झाली.

त्या संध्याकाळी दुकानापुढे रांग लागली. तेलेस्फोरोनं गल्ला रिकामा केला, मग डब्यातलं काढलं, तरी पुरेना, म्हणून शेवटी बर्फाची पेटी विकली. पूर्ण उन्हाळा वसाहतीनं कोमट बिअर प्यायली आणि कोणी चकार शब्द काढला नाही. सामना विकला असं म्हणणारा भेटला की नीना मावशीच विचारायची, "मग पेटी कुठाय?"

"या बेटावरचा सगळ्यात महाग जावई," तेलेस्फोरो म्हणाला आणि त्यानं लिसांद्रोला खुर्ची दिली.

लिसांद्रो फळ्यापाशी गेला. "चुकला ना तुझा आकडा?"

"मुळीच नाही. चारात एकदा म्हटलं होतं. आज ती एकदा होती."

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी परत मोजू," ती म्हणाली, आणि खडूच्याच हातानं त्याचा डावा हात धरला, भर ओसरीवर, पेट्रोमॅक्सच्या उजेडात.

त्यांनी ना फळा सोडला, ना चेंडू, ना एकमेकांना. पुढे लिसांद्रोचा खांदा गेला, तेव्हा तो शेजारी उभा राहून तिचे आकडे लिहायचा आणि तिच्याशी भांडायचा. तीन मुलं झाली. त्याचं हृदय आजारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, अशी माणसं चारात एक वाचतात. मिग्दालियानं आकडा बदलून मागितला नाही. खाटेजवळ स्टूल घेतलं आणि त्याचा डावा हात धरून बसली.

लिसांद्रो वॉल्टर्स एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली, डिसेंबरात, गाळप सुरू व्हायच्या आठवड्यात वारला. मिग्दालिया दोन हजार सहा साली वारली. ती शनिवारची दुपार होती, आणि दुसऱ्या दिवसाचा भाव तिनं सांगून झाला होता.