त्र्याण्णवावं पाऊल

"ओ ताई, धावपट्टीवर खडूनं काही काढायचं नाही हं!"

तिनं वर पाहिलंच नाही. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला टेकवत, हातात खडू धरून, मान खाली घालून ती मोजत चालली होती... सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद... आणि मोजताना कुणी मध्ये बोललेलं तिला अजिबात खपायचं नाही.

"अहो, तुम्हालाच सांगतोय."

"नव्वद!" ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. "एक्याण्णव. ब्याण्णव."

आणि धावपट्टी संपली. नाकासमोर उडीचं, व्हॉल्टचं टेबल उभं.

"एक कमी आहे," ती म्हणाली.

"काय कमी आहे?"

"पाऊल."

आता कुठे तिनं मान वर केली. कमरेच्या पट्ट्याला नट आवळायचे पाने लटकवलेला, कानावर पेन्सिल खोचलेला, एका भुवईला खडूची पांढरी पूड लागलेला एक तरुण समोर उभा होता. स्पर्धेसाठी बार, बीम, टेबल, गाद्या बसवणाऱ्यांपैकी हा एक. भुवई पुसा असं सांगावंसं तिला वाटलं, पण ती रागात होती, आणि रागात असताना असल्या गोष्टी सांगत नाहीत.

राग साधासुधा नव्हता. तिचं वय तेवीस. बाहेरच्या जगात तेवीस म्हणजे काहीच नाही, पण जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये बारा-तेरा वर्षांच्या पोरी तिला 'आजी' म्हणायच्या. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळ्यांनी तिला मोडीत काढलं होतं. ती मात्र हट्टानं परत आली. आज संघाची निवड होती. पाचांपैकी चार नावं जवळपास ठरलेली, पाचव्या जागेसाठी तिच्याकडे एकच हुकमी पत्ता होता. चार वर्षं घासून बसवलेली अवघड उडी.

आणि सकाळच्या सरावात ती उडी दोनदा फसली. पहिल्यांदा पाय स्प्रिंगबोर्डच्या फार पुढे पडला. दुसऱ्यांदा तर ती चक्क तोंडावर आपटली. तिच्या प्रशिक्षक बाईंनी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं होतं. ते पाहणं तिला आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

"भीती बसलीय गं गुडघ्यात," बाई म्हणाल्या होत्या. "मी फॉर्मवर सोपी उडी लिहिते. बाराला द्यायचाय."

सोपी उडी म्हणजे पाचवी जागा गेली. सरळ हिशोब.

"टेप बघा जरा तुमची," ती आता त्या तरुणाला म्हणाली. धावपट्टीच्या कडेनं लांबच लांब टेप लावलेली होती. कुणी किती मीटरवरून धाव सुरू करायची, ते या टेपवरून प्रत्येक मुलगी ठरवायची. "ती चुकीची आहे."

"नवीकोरी टेप आहे. सकाळी सहाला मी स्वतः लावलीय."

"मग तुम्ही चुकलात."

"हे बरंय! नाचता येईना..." तो बोलता बोलता थांबला, आणि जीभ चावली.

"बोला की. अंगण वाकडं. पूर्ण करा, लाजता काय?"

"सॉरी, ताई."

"आणि ताई काय! इथे सगळ्या आजी म्हणतात, तुम्ही ताई म्हणताय. बढतीच झाली माझी."

त्याला हसू आलं. तिलाही येत होतं, पण तिनं दाबलं.

"ऐका," ती बोटावर मोजत म्हणाली. "माझं पाऊल तेवीस सेंटिमीटर. मी एकवीस मीटर चाळीसवरून धावते. त्र्याण्णव पावलं होतात. आज ब्याण्णवच भरली, तीनदा मोजली."

"या जमान्यात पावलानं कोण मोजतं हो?"

"शिंप्याची मुलगी मोजते. माझे बाबा म्हणतात, टेप बाजारातली असते, वीत आपली असते."

पण त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. "एकवीस चाळीस?" तो हळूच म्हणाला. "म्हणजे... ते पाऊल तुमचं?"

"कुठलं पाऊल?"

"गेल्या वर्षीच्या स्पर्धेत. सगळ्या मुली खूण म्हणून चिकटपट्टी लावतात. एकच जण खडूनं छोटंसं पाऊल काढून गेली होती, पाच बोटांसकट. एकवीस चाळीसवर." तो टेपशी चाळा करू लागला. "मला नावं लक्षात राहत नाहीत, मापं राहतात. स्पर्धा संपली की पट्टी पुसायचं काम माझं."

"मग पुसलंत?"

"पुसलं. म्हणजे... तिसऱ्या दिवशी. आमचे उस्ताद ओरडले तेव्हा."

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. ती म्हणाली, "भुवईला खडू लागलाय तुमच्या."

त्यानं भलतीच भुवई पुसली. मग गुडघ्यावर बसून टेबलाच्या पायाशी असलेली जाड गादी उचलली, आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. टेपचं टोक टेबलाच्या कडेशी असायला हवं होतं. ते वीतभर आत गेलं होतं, आणि टेपवरचा प्रत्येक आकडा टेबलाच्या वीतभर जवळ आला होता. सकाळी गादी सरकवताना त्यानंच गादीबरोबर तेही आत ढकललं होतं.

"अंगण," तो खालूनच म्हणाला, "खरंच वाकडं आहे."

तिला नाचावंसं वाटलं. गुडघा नव्हे! भीती नव्हे! एक वीत, फक्त एक वीत! पण भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा मिनिटं कमी होती, आणि हॉलच्या त्या टोकाला बाई पेनचं टोपण काढत होत्या.

"टोक सरकवा ना लगेच," ती म्हणाली. "मी बाईंना सांगते."

"त्या ऐकतील? नुसत्या तुमच्या शब्दावर?"

बाई ऐकणार नव्हत्या. सकाळी दोनदा आपटलेली मुलगी टेपला दोष देते म्हटल्यावर त्यांनाही तीच म्हण आठवली असती.

"आणि उस्ताद?" तिनं विचारलं. सामान बसवणाऱ्या या सगळ्यांचे उस्ताद म्हणजे जमदग्नी, हे हॉलमध्ये कुणालाही ठाऊक होतं.

"मागच्या महिन्यात एक नट ढिला राहिला होता. तेव्हाच म्हणाले, पुढची चूक शेवटची." तो उठला, पॅन्ट झटकली. "पण सकाळपासून दहा-बारा पोरी या टेपवर अडखळल्यात. गुपचूप सरकवलं तर त्या सगळ्या स्वतःलाच दोष देत बसतील. तुम्हीसुद्धा."

आणि तो चालू लागला. परीक्षकांच्या टेबलापाशी उभा राहिला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "व्हॉल्टची टेप वीतभर चुकलीय. लावली मी होती. चूक माझी."

मग उस्ताद जे गरजले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मान खाली न घालता ऐकत राहिला. तिला त्याचा इतका अभिमान वाटला, इतका, की आपला हा कोण लागतो, हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही. कुणीच लागत नव्हता. अजून.

मुख्य परीक्षकांनी टेप नीट लावून घेतली, फॉर्मची वेळ वाढवली आणि सगळ्या मुलींना नव्यानं सराव दिला. ती सरावाला उभी राहिली, धावली, आणि पाय बोर्डवर असा पडला जसा रोज पडायचा. बाईंनी फॉर्मवरची सोपी उडी खोडली. खोडताना कागद फाटला इतक्या जोरात खोडली.

"ए आजी," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "काठी टाक आणि धाव."

दुपारी ती एकवीस चाळीसवर उभी राहिली. समोर तिसऱ्या रांगेत बाबा बसले होते. दुकानातून तसेच उठून आलेले, गळ्यात मापाची फीत तशीच. तिच्या अंगावरचा निळा पोशाख त्यांनीच शिवलेला, प्रत्येक शिवण दोनदा मारलेली. तिनं हात वर केला आणि ती सुटली.

बोर्ड. टेबल. छत, जमीन, छत... आणि दोन्ही पाय एकदम गादीवर. हलले नाहीत. एक बोटभरही हलले नाहीत. तिनं हात उंचावले तेव्हा पहिली आरोळी बाईंची होती, त्या बाईंची, ज्यांनी चौदा वर्षांत कधी 'बरं' यापलीकडे कौतुक केलं नव्हतं. गुण लागले. पाचवी जागा! पाचव्या जागेवर आजी! बारा-तेरा वर्षांच्या पोरींनी तिला घेरून आजी, आजी असा गलका केला. बाबा शेजारच्या अनोळखी माणसाला डोळे पुसत सांगत होते, "माझी मुलगी. पोशाखही मीच शिवलाय."

तिनं मात्र गर्दीत एक पांढरी भुवई शोधली. दिसली नाही.

तो सापडला मागच्या लांबलचक गल्लीत, सामानाच्या खोलीच्या दाराशी. एकटाच गाद्यांची चवड रचत होता.

"काढलं का कामावरून?" तिनं गल्लीच्या या टोकावरूनच विचारलं.

"नाही. उस्ताद म्हणाले, खरं बोलणारा गाढव परत मिळायचा नाही. पण महिनाभर टेपला हात लावायचा नाही, गाद्या वाहायच्या."

"म्हणजे माझी उडी बघितलीच नाहीत!"

"ऐकली."

"ऐकली?"

"बोर्डचा आवाज आला. मग एकच 'धप्प'. पाय हलला असता तर दोन आले असते." तो हसला. "मी इथे या गाद्यांना टाळ्या ऐकवल्या."

परवा ती संघाच्या शिबिराला जाणार होती, चार महिने. गल्लीच्या या टोकावरून मनातलं कसं सांगायचं? तिनं सरळ टाचेला अंगठा लावला आणि त्याच्या दिशेनं मोजत निघाली.

"हे काय चाललंय?"

"मध्ये बोलायचं नाही."

खांद्यावरची गादी खाली ठेवून तो शहाण्यासारखा उभा राहिला. गल्ली लांब होती, पण त्याला घाई नव्हती आणि तिलाही. एकोणनव्वद... नव्वद... एक्याण्णव... ब्याण्णवला ती थांबली. दोघांमध्ये आता वीतभर जागा उरली होती.

"एक कमी आहे," तो म्हणाला.

"मला माहितेय."

"त्याआधी एक सांगू? आज माझ्या दोन चुका झाल्या. एक सकाळीच कबूल केली, सगळ्यांसमोर."

"आणि दुसरी?"

त्यानं मान खाली घातली. उस्तादांपुढे न झुकलेली मान आता झुकली, आणि कानशिलं लाल झाली.

"तुम्हाला ताई म्हणालो."

ती हसली. सकाळपासून दाबलेलं सगळं हसू एकदम बाहेर आलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिनं हात पुढे केला आणि अंगठ्यानं त्याच्या भुवईवरचा खडू पुसला, या वेळी बरोबर भुवईवरचा.

"चूक मान्य," ती म्हणाली. "आता पाऊल टाक. ते त्र्याण्णवावं तुझं आहे."

त्यानं टाकलं.