आठ घड्यांचा कागद

"करुणाताई, मी राजीनामा दिलाच न्हाई वो!"

सोमवारी सकाळी संगिता दुकानात शिरली ती रडतच. कडेवर पाच महिन्यांचं लेकरू, मागं तिची आई गोजरबाई. बाळंतपणाची रजा संपवून संगिता आज हळदीच्या कारखान्यात गेली, तर फाटकावरच्या यंत्रानं तिचं बोट घेतलं नाही. वॉचमन म्हणाला, तू काम सोडलंस, यादीत नाव नाही.

करुणाचं वारंगा फाट्यावर झेरॉक्सचं दुकान. पूर्वी आठ वर्षं तिनं शहरातल्या एका कंपनीत पगारपत्रकं केली. वडील आजारी पडले म्हणून वर्षभर घरी बसली, तर नंतर कंपनीनं ओळखही दाखवली नाही. तेव्हापासून बायांच्या पगाराच्या चिठ्ठ्या ती फुकट वाचून देते. एरवी खात्यात पगार आला की चिठ्ठीला कुत्रं विचारत नाही!

"फेब्रुवारीची चिठ्ठी कुठं हाय?"

गोजरबाईनं कमरेची चंची सोडली. पान, कात, चुना, तंबाखू, आणि त्यातच दोन्ही लेकींच्या चिठ्ठ्या, दुमडून दुमडून आठ घड्या केलेल्या.

"लेकींची कमाई हाय बाई. पेटीत ठेवली तर उंदरं खातेत," म्हातारी म्हणाली.

करुणानं संगिताची चिठ्ठी उलगडली. मधोमध काताचा लालसर डाग. तळाशी बारीक अक्षरात छापलेलं: अंतिम हिशेब. नोकरी सोडल्याची तारीख, २२ फेब्रुवारी.

"परवा चिठ्ठी आली, अन् कुणी वाचलीच न्हाई?"

"अक्कानं आणली, मायनं चंचीत टाकली," संगिता म्हणाली.

अक्का म्हणजे थोरली मिराबाई. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, तेव्हा संगितानंच खटपट करून तिला कारखान्यात चिकटवलं होतं.

करुणानं गोजरबाईला चहा सांगायला पाठवलं आणि हळूच विचारलं, "तुझा मालक काय म्हणतो?"

संगितानं लेकराच्या टोपीची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली. "त्यानं पुण्यात दुसरी ठेवली, ताई. मायला सांगितलं न्हाई. आमच्यासाठी खोली बघून राहिला, असं म्हणलं तिला. अक्काचं झालं तवाच माय अर्धी झाली. आता ही नोकरीच माझा धनी."

तासाभरात करुणा आणि संगिता कारखान्याच्या टाइम ऑफिसात उभ्या होत्या. टाइमकीपर विजयकुमारनं फाईल पुढं सरकवली. राजीनाम्याखालची सही संगितानं दोनदा निरखून बघितली. सही तिचीच होती!

"वरचा मजकूर कुणी लिहिला?" करुणानं विचारलं.

"मी. सगळ्यांनाच लिहून देतो."

"सही तुमच्यासमोर झाली?"

"सहीचा कागद तिच्या घरच्या माणसानं आणून दिला."

"कुणी?"

"ते मी कशाला सांगू? काम मंदावलं. हळद निवडणाऱ्यांतली एक बाई कमी करायची होती. हिनं आपणहून सोडलं, विषय मिटला."

"हिनं सोडलं नसतं तर कोण गेलं असतं?"

"शेवटी आली ती आधी जाते. मिराबाई."

करुणानं कागद उजेडात धरला. घड्यांच्या रेघा, मधे एक डाग, कोपऱ्यात शिक्का: २२ फेब्रुवारी. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवशी रविवार होता. तिनं मोबाईलवर फोटो काढला.

बाहेर येताच संगिता फुटली. "रजेवर जाताना दोन कोऱ्या कागदांवर सह्या करून अक्काला दिल्या होत्या मी!"

आपल्याकडे ही रीतच आहे. बाई बाळंतपणाला निघाली की कोऱ्या कागदावर सह्या करून ठेवते. ओल्या अंगानं हेलपाटे कोण घालणार?

"एक रजेच्या अर्जाला लागला असंल. दुसरा?" करुणानं विचारलं.

"घरी ठेव म्हणलं होतं. माझ्या सख्ख्या बहिणीनं माझा गळा कापला, ताई!"

संध्याकाळी पाचला मिराबाई पाळी संपवून घरी आली, तेव्हा करुणाही तिथंच होती. हात कोपरापर्यंत पिवळे. संगिता तिच्या अंगावरच धावली.

"काहून केलं अक्का? मागितली असतीस तर नोकरी दिली असती तुला!"

"काय केलं मी?" मिराबाईनं विचारलं.

"थांब संगिता," करुणा ओट्यावर बसली. "हिनं न्हाई केलं. राजीनामा रविवारी, सुट्टीच्या दिवशी पोचला. कामगाराला फाटकावर बोट टेकवल्याबिगर आत जाता येत न्हाई, अन् रविवारी बोट टेकवलं की ओव्हरटाइम पडतो. मावशी, मिराबाईची चिठ्ठी काढा."

गोजरबाईनं चंचीतून चिठ्ठी काढली.

"हे बघा. फेब्रुवारीचा ओव्हरटाइम शून्य. म्हणजे नेणारं माणूस कामगार न्हाई, पण घरचं हाय. आता राजीनाम्याचा फोटो बघा. आठ घड्या, मधोमध काताचा डाग."

दोन्ही लेकी आईच्या चंचीकडं बघत राहिल्या.

"व्हय," गोजरबाई म्हणाली. "म्या नेला."

"माय?"

"त्यो विजयकुमार घरी आलता. म्हणला, एकीला काढावंच लागतंय मावशी, कोणती ते तुमीच सांगा. म्या काय सांगू? पोटचं कोणतं बोट कापू? मिरीला कोण हाय? तुला नवरा हाय, पुण्याला खोली बघून राहिला. सहीचा कागद द्या म्हणला, लेकरू चालाया लागलं की संगीला परत घेऊ."

संगिताचा राग कुठल्या कुठं गेला. "ती खोली माझ्यासाठी न्हाई गं माय. त्यानं दुसरी केली. तुला तरास नको म्हणून म्या खोटं बोलले."

गोजरबाईनं तोंडात पदर कोंबला.

"खरा चोर विजयकुमार," करुणाचा आवाज चढला. "बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईला काढता येत न्हाई. मिराबाईला काढलं तर महिन्याची नोटीस अन् भरपाई द्यावी लागते. राजीनाम्याला यातलं काहीच लागत न्हाई! म्हणून त्यानं आईच्या हातून काम काढलं, तेही रविवारी, कुणी बघू नये म्हणून."

"मग मीच देते राजीनामा," मिराबाई म्हणाली.

"खबरदार! काढायचं तर त्यांना काढू दे, नोटीस देऊन, भरपाई मोजून. अन् कोऱ्या कागदावर सही कराल तर याद राखा!"

करुणानं तिथंच कामगार अधिकाऱ्याच्या नावानं तक्रार लिहिली, खाली गोजरबाईचा जबाब: सहीचा कोरा कागद मीच विजयकुमारला दिला, लेकीला माहीत नव्हतं. दोनदा वाचून दाखवला. मग तिनं शाईची डबी उघडली, आणि सांगायलाच हवं होतं ते सांगितलं.

"मावशी, तुमच्या अंगठ्यानं संगिताचं काम परत मागता येईल. पण मग पाळी मिराबाईवर येईल."

म्हातारीनं हात मागं घेतला. "पुन्हा मलाच निवडाया लावता व्हय? न्हाई जमत माय. मला मारून टाका, पण हे न्हाई जमत."

मिराबाई उठली. आईचा हात आपल्या पिवळ्या हातात धरला, अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. "दाब माय," ती म्हणाली. "या बारीला म्या निवडलं. त्याचं पाप तुझ्यावर न्हाई."

अंगठा उमटला. गोजरबाईनं लेकराकडं हात पसरले. संगिता क्षणभर तिथंच उभी राहिली, मग लेकराला छातीशी धरून आत गेली. तिनं दार लावलं नाही, पण बाहेरही आली नाही. करुणानं कागदाला घडी न घालता तो फाईलीत ठेवला. तिला रडू आवरेना, म्हणून कुणाचा निरोप न घेताच ती निघाली.