शाळेबद्दल विचारलं, तेवढंच सांगितलं

शाळेच्या टाकीचा नळ तुटला होता, पाणी धो धो वाहत होतं आणि प्लंबर "निघालोच, मॅडम" म्हणून सकाळपासून नुसता निघतच होता. तेवढ्यात फाटकातून एक माणूस आत आला. बाह्या दुमडलेल्या, हातात भलीमोठी बॅग. मी लांबूनच ओरडले, "अहो, इकडे! टाकी मागच्या बाजूला आहे. किती उशीर हा!"

तो थबकला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं... पण मी पाठ फिरवून चालायलाही लागले होते. बिचारा मागोमाग आला. बॅग कोरड्या जागी ठेवली, नळाला हात घातला आणि उरलासुरला नळही उपटून त्याच्या हातात आला. पाण्याची चिळकांडी थेट तोंडावर!

"तुम्हाला येतं ना हे काम?" मी संशयाने विचारलं.

"अजिबात नाही," ओले केस झटकत तो म्हणाला. "मी रुजू व्हायला आलोय. मुख्याध्यापक म्हणून."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. "मग — मग आधी सांगायचं ना!"

"तुम्ही सांगू कुठे दिलंत?" आणि तो हसला. डोळ्यात पाणी गेलेलं, त्यामुळे एक डोळा मिटून. "पण फार दिवस त्रास देणार नाही. या बदलीविरुद्ध मी केस टाकलीय. निकाल लागला की परत जाईन."

आमच्या शाळेचं नशीबच तसं. इथे येणारा प्रत्येक मुख्याध्यापक परतीची वाट विचारतच यायचा. आधीच्या बाईंनी तर बदलीला स्थगिती आणली आणि खुर्ची गरम व्हायच्या आत गेल्या. मधल्या काळात प्रभारी म्हणून सगळा गाडा ओढायचा मी. त्यामुळे मी ठरवून टाकलं, या माणसाची सवय लावून घ्यायची नाही. शाळेला, म्हणजे. माझा प्रश्नच नव्हता... तेव्हा.

पण हा माणूस पाहुण्यासारखा राहीना. वाचताना अडखळणाऱ्या मुलांना घेऊन व्हरांड्यात मांडी घालून बसायचा. आल्या आल्या सगळं वेळापत्रकच बदलायला काढलं.

"जाणार आहात ना तुम्ही?" मी एकदा चहा पिताना टोकलंच. "मग ही उठाठेव कशाला?"

"जाईपर्यंत काय हाताची घडी घालून बसू?"

"बसा की. शोभून दिसाल."

"म्हणजे एरवी दिसत नाही?"

मी कपात तोंड लपवलं. कप कधीच रिकामा झाला होता. दारातल्या शिपाईमावशी उगाचच खोकल्या.

मधल्या सुट्टीत तो रोज खिडकीपाशी उभा राहून फोनवर मोठमोठ्याने बोलायचा. "बाबा, जेवलात? ...गोळी? ...ती नाही हो, पांढरी!" मुलं हसायची. मीही हसायची. एक दिवस मात्र फोन ठेवल्यावर तो बराच वेळ तसाच बाहेर बघत राहिला. मी न राहवून विचारलं, तेव्हा कळलं. आई नाही. वडिलांची डावी बाजू लुळी पडलेली, ऐकूही कमी येतं. घरी दोघंच. शेजारचे काका डबा देतात, पण फोन आल्याशिवाय बाबा घास घेत नाहीत.

"अशा आईवडिलांना सांभाळणाऱ्यांची बदली करू नये असा नियम आहे," तो म्हणाला. "मी अर्जही दिला होता. कुणी उघडूनसुद्धा पाहिला नाही. म्हणून केस... नाहीतर तुमच्या शाळेत वाईट काय आहे, मॅडम?" जरा थांबून, माझ्याकडे न बघता तो पुटपुटला, "उलट..."

उलट काय, ते तेव्हा राहूनच गेलं. घंटा झाली.

पुढे पुढे तो तारखेला गेला की माझं कशात लक्ष लागेना. संध्याकाळी फोन यायचा, "पुढची तारीख पडली." मी तोंडाने "अरेरे" म्हणायची. मनात काय म्हणायची, ते सांगण्यासारखं नाही.

शेवटच्या सुनावणीआधी खात्यातल्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. "तुम्हीही चला, मॅडम. विचारलं की एवढंच सांगा — या मुख्याध्यापकांशिवाय शाळेचं नुकसान होईल. की तुमचा माणूस तुमच्याकडेच राहील!"

तुमचा माणूस! साहेब सहज बोलून गेले. मी मात्र रात्रभर त्या दोन शब्दांना उशाशी घेऊन जागी.

न्यायाधिकरणाच्या बाकांवर असेच कुठले कुठले मुख्याध्यापक फायली मांडीवर घेऊन ताटकळत बसले होते. आमचा पुकारा झाला. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे गेले तर शाळेचं नुकसान होईल का?"

"हो" म्हणायचं होतं, बस. आणि ते फारसं खोटंही नव्हतं. पण माझी नजर त्याच्या हाताकडे गेली. हातात फोन होता, बंद करून ठेवलेला. आमच्या मधल्या सुट्टीची वेळ झाली होती. तिकडे एक म्हातारा माणूस ताटावर बसून वाट बघत असणार...

"नाही, मॅडम," मी म्हणाले. "सर फार चांगले आहेत. पण शाळा मी सांभाळू शकते. आधीही सांभाळलीय."

साहेबांनी कपाळाला हात लावला. बदली रद्द झाली. तो जिंकला.

दुसऱ्या दिवशी तो कार्यभार सोपवायला आला. किल्ल्या टेबलावर ठेवल्या, सह्या केल्या. दारापर्यंत गेला आणि वळला.

"मला घालवायची इतकी घाई झाली होती?"

"घाई?" माझा आवाज चिरकला. "तुम्हाला काही कळतं का हो? बाईंनी शाळेबद्दल विचारलं, तेवढंच सांगितलं मी. माझ्याबद्दल विचारलं असतं, तर..."

"तर?"

"तर तुम्ही केस हरला असता."

तो बॅग खाली ठेवून दोन पावलं आत आला. "आणि मी... काल निकाल ऐकून सगळे हात मिळवत होते, आणि मला वाटत होतं, वरच्या कोर्टात जाऊन हरता येईल का?"

मी हसले की रडले, देव जाणे. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हो बाबा, निघतोय. ...नाही, एकटाच. म्हणजे आज एकटाच, पण..." तो लालबुंद झाला. पलीकडचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला, "ती मॅडम आहे का तिथे? फोन दे तिला!"

मी फोन घेतला. "नमस्कार, बाबा..."

"हे बघ पोरी," बाबा ओरडून म्हणाले, "रोज जेवताना हा मला भाजीबद्दल कमी आणि तुझ्याबद्दल जास्त सांगतो. मला जिना उतरवत नाही, नाहीतर रीतसर मागणी घालायला मीच आलो असतो. तूच रविवारी ये. मागणी इथे घालतो. चालेल?"

दारात मावशी तोंडाला पदर लावून उभ्या. आणि तो... तो खिडकीकडे तोंड करून, श्वास रोखून.

"चालेल, बाबा," मीही ओरडूनच सांगितलं. सगळ्या शाळेला ऐकू गेलं असणार.

रविवारी मी गेले. आईला बरोबर घेऊन.