पाठीतली काठी

चौक गावी मी गेलो होतो तो स्टोव्हच्या पंपाचं वॉशर आणायला. एवढंच काम होतं. बहात्तर-त्र्याहत्तर साल असावं. चुकत असेन तर सांभाळून घ्या, हल्ली माझाच माझ्यावर भरवसा नाही.

कॉलेजात शरीरशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. परदेशात जाऊन डॉक्टरेटही घेऊन आलो. पण त्या वर्षी माझा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. मुंबईच्या डॉक्टरांचे उपाय संपले, तेव्हा नोकरी सोडून भिसेगावात सासुरवाडीच्या रिकाम्या घरात येऊन राहिलो होतो. चौकच्या दुकानात मी डाव्या हाताने पैसे मोजतोय हे पाहून शेजारचा गॅरेजवाला हसला.

"हात धरला वाटतं, सायेब? धर्माजीकडं जावा की. तोंड लई वाईट हाय त्याचं, पर हात सोन्याचा."

धर्माजीचं गाव तिथून चालत जाण्यासारखं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. बौद्धवाडीत शेवटचं घर त्याचं. आत अंधार होता आणि निरगुडीच्या पाल्याचा उग्र, कडवट वास. त्याने मला 'या' म्हटलं नाही. काखेखाली अंगठा रोवला. मी ओरडलो आणि हात वर गेला. सहज वर गेला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं माणसाचं शरीर फळ्यावर काढत होतो, पण कुणाची वेदना घालवली नव्हती. तिथेच म्हणालो, "मला शिकवाल?"

"का? पुस्तकं सरली का, मास्तर?"

चुलीपाशी त्याची बायको गंगाबाई बसली होती. ती एकदम म्हणाली, "अवो, नगा शिकवू. ऐका माजं."

धर्माजीने तिच्याकडे पाहिलंही नाही. माझे तळवे उलटसुलट केले, दाबून पाहिले.

"मऊ हायेत," तो म्हणाला. "या हातास्नी गावात कुनीबी घरात घेईल. या उद्यापासनं. पर शिकायचं ते माज्याच पाठीवर."

रोज दुपारी तो चटईवर पालथा पडे आणि मी तेल लावून बसे. पहिल्याच दिवशी माझी बोटं थबकली. कण्याच्या डावीकडे, खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपं काहीतरी टणक होतं. हाड नव्हे, स्नायूही नव्हे. अंगठ्याएवढं जाड, मध्ये मध्ये बांबूला असतात तशी पेरं.

"धर्माजी... हे काय आहे?"

"काठी."

मला वाटलं, चेष्टा करतोय. तो चटईत तोंड खुपसूनच बोलला. "छप्पन साली आमी दीक्षा घ्येतली. मेलेली ढोरं वडायचं सोडलं. गावातल्या रामभाऊचा बैल मेला, मी ग्येलो नाय. मंग तो आला वाडीवर, काठी घिऊन. संगती मानसं व्हती. त्यानं काठी आनली ती परत न्येली नाय, मास्तर. ती हितं हाय."

मी बोटांनी ती पेरं पुन्हा चाचपली.

"दाबा. खालनं वर... माज्याकडनं तुमच्याकडं."

मी दाबत राहिलो. काठी खरोखर आखडत गेली, एकेक पेर कमी होत गेली. माझे हात मात्र जड होऊ लागले. घास तोंडाशी नेताना पाणी भरलेली बादली उचलल्यासारखं वाटे. पण त्याच हातांनी साजगावच्या कारखान्यातल्या माणसांच्या धरलेल्या कमरा मोकळ्या केल्या. लोक भिसेगावात मला शोधत येऊ लागले. आयुष्यात प्रथमच मी कुणाच्या उपयोगाचा होतो, म्हणून जडपणाकडे काणाडोळा केला.

एका दुपारी धर्माजीची पाठ लहान मुलासारखी मऊ लागली. तो उठून बसला आणि हसला. त्याआधी मी त्याला कधी हसताना पाहिलं नव्हतं.

"झालं, मास्तर. आता तुमी वैद्य."

त्याच आठवड्यात तो झोपेत गेला. समाचाराला गेलो तर गंगाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "आता कुनाला हात लावू नगा. घरी जावा." दुःखात माणूस काहीही बोलतं, असं मी मानलं.

उन्हाळ्यात भर दुपारी दारात टेंपो थांबला. एक म्हातारा वाकत वाकत उतरला.

"मी रामभाऊ," त्याने धर्माजीच्याच गावाचं नाव सांगितलं. "उसण भरलीय. पोरं म्हनत व्हती, धर्माजी हाय तवर जावा. म्हटलं, मरेन, पर त्याच्या हाताखाली पालथा पडनार नाय. तुमचं येगळं. तुमी आपली मानसं."

मी म्हणालो, "तेल संपलंय." खरंच म्हणालो. पण माझे हात बाटलीचं बूच काढत होते.

साधी उसण होती, क्षणात सुटली असती. हात कमरेकडे गेलेच नाहीत. कण्याच्या डावीकडे, खांद्यापासून तिरपे उतरले. तळव्यांतून काहीतरी सरकत बाहेर निघालं... एक पेर... मग दुसरं. मला हात उचलता येईनात. माझं तेल नुसतं तिळाचं होतं, तरी खोलीत निरगुडी दरवळली.

"सर..." रामभाऊ कुजबुजला. "कोन हाय?"

"मीच आहे."

"मंग... तुमच्या पल्याड कोन बसलंय?"

मी मान वळवली नाही.

थोड्या वेळाने तो ताठ उठला. दुखणं पार गेलं होतं. हात जोडून हसतच टेंपोत बसला. दुसऱ्या दिवशी कळलं, रात्री पालथा झोपला तो पालथाच राहिला. पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत निळा, ताजा वळ होता. माझ्या दाबण्याने आत एखादी शीर फुटली असेल. शास्त्र तेवढंच सांगतं, आणि मी अजून तेच धरून बसलोय.

माझे हात मात्र पिसासारखे हलके झाले होते. ते माणसं बरी करतात की मारतात, हे मला कळेना. कुणालाही शिवायचं नाही असं ठरवून मी दाराला कडी घातली.

काही दिवसांनी कडी वाजली. किरकोळ अंगाचा एक म्हातारा उभा होता. रामभाऊच्याच गावचा, नाव चांगो.

"पाठ दुखते?" मी दारातच विचारलं.

"नाय."

"मग कशाला आलात?"

"काय की, सर. त्या दिशी रामभाऊच्या संगती आमीबी व्हतो वाडीवर... सकाळधरनं पाय हिकडंच वळत्यात."

मी नको म्हणेपर्यंत तो आत शिरला, सदरा काढला आणि चटईवर पालथा पडला.

"उठा! मी हात लावणार नाही. उठा आणि घरी जा!"

तो हलला नाही. त्याची पाठ मात्र दाबल्यासारखी खाली खाली जाऊ लागली. चटईत तोंड खुपसून तो लहान पोरासारखा रडायला लागला.

"कसा उठू, सर...? आदी तुमचं हात तर काडा."

मी दारात होतो. दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरून उभा होतो.