खाली उतरल्यावर पहिलं काय करणार?

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध थांबली, आतला दिवा गेला, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

खरं तर ती लिफ्टने जाणाऱ्यांतली नव्हेच. थीम पार्कच्या फाटकासमोरच्या या हॉटेलात तिला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षं ती चारही मजले जिन्याने चढत-उतरत होती. पण आज दोन्ही हातांत छापून आलेल्या कार्डांचे गठ्ठे होते आणि मॅनेजरसाहेबांना ते चौथ्या मजल्यावर आत्ताच्या आत्ता हवे होते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही. माणसाने तीन वर्षांत एकदा लिफ्टमध्ये पाय ठेवावा, आणि लिफ्टने नेमका तोच मुहूर्त साधावा!

गठ्ठे खाली टाकून तिने दार बडवलं. ओरडायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना.

"आत कोण आहे?" बाहेरून विचारणा झाली. पुरुषाचा आवाज होता, अगदी सावकाश.

"मी..."

"मी म्हणजे किती जण?"

"एकटीच."

"मग ऐसपैस जागा आहे की. खाली बसून घ्या."

"पडेल का हो ही?"

"नाही पडणार. माझं कामच हे आहे, लिफ्ट दुरुस्तीचं. सुट्टीवर आलोय, पण लिफ्ट काही माझा पिच्छा सोडत नाही." तो हसल्यासारखा वाटला. "अडकलीय म्हणजे ब्रेकने धरून ठेवलीय. धरलेली वस्तू पडत नसते. बरं, बाहेर आल्यावर पहिलं काय करणार?"

"काय?"

"सांगा ना. अडकलेल्या प्रत्येकाला मी हे विचारतो. पहिलं काय करणार?"

तिने कोरडी जीभ ओठांवरून फिरवली. "पाणी... पाणी पिणार."

"ठरलं."

मग पावलं लांब गेली. गेला? खरंच गेला? त्या चार मिनिटांत तिने मनातल्या मनात आईचा निरोप घेतला, धाकट्या भावाला सायकल देऊन टाकली आणि... आणि खडखड करत दार सरकलं. लिफ्टची जमीन बाहेरच्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर होती. खाली तो उभा होता. विस्कटलेले केस, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि वर केलेल्या हातात पाण्याने भरलेला ग्लास.

ती ते पाणी घटाघटा प्यायली. उतरताना त्याने हात दिला तेव्हा मात्र घसा पुन्हा कोरडा पडला. ही भीती निराळी होती. तिला अजून नाव नव्हतं.

*

हॉटेलात तिला सगळे 'संध्याकाळवाली' म्हणत. पार्कमधले पाळणे सहाला बंद होत. त्यानंतर दमलेल्या आई-बापांनी आणि न दमलेल्या पोरांनी करायचं काय, हे ठरवून देणं तिचं काम. चार वाजता ती खाली आपलं टेबल मांडून बसे. तलावातली होडी, दिव्यांची बाग, दुर्बिणीतून तारे, बाहुल्यांचा खेळ... कुणाला काय झेपेल, कुणाची मुलं कितीला पेंगतील, सगळं विचारून ती प्रत्येक कुटुंबाला एक कार्ड लिहून देई. त्या कार्डावर मॅनेजरसाहेबांनी हौसेने एक ओळ छापून घेतली होती : 'आमची ताई प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन आलेली आहे.'

ते खरंच होतं... एक जागा सोडून.

तलावापलीकडच्या मैदानात एक मोठा बलून होता. जाड तारेने जमिनीला बांधलेला. टोपलीत माणसं घेऊन तो बारा मजले वर जाई आणि दहा मिनिटांनी खाली येई. मॅनेजरसाहेबांनी तिला तीनदा फुकट पास देऊन पाठवलं. तिन्ही वेळा ती मैदानातल्या बाकावर बसून राहिली, उतरणाऱ्यांना "वरून काय काय दिसलं हो?" असं विचारलं आणि ऐकलेलं पाठ करून परत आली. बलूनचं नुसतं नाव निघालं तरी ती विषय बदलायची.

त्या संध्याकाळी लिफ्टवाला तिच्या टेबलापाशी आला तो सगळा लवाजमा घेऊनच. सोबत त्याची आई आणि दोन भाच्या. थोरली दहाची, जगाला न घाबरणारी. धाकटी सहाची, मामाच्या शर्टाचं टोक मुठीत धरून.

"चार संध्याकाळी आहेत आमच्याकडे," तो म्हणाला. "जपून खर्च करा."

तिने लिहायला घेतलं. पहिली संध्याकाळ बाहुल्यांचा खेळ, आईंना बसायला मिळेल. दुसरी होडी आणि तारे.

"आणि तो बलून?" थोरलीने टाचा उंचावून विचारलं.

"मला नाही जायचं," धाकटी पुटपुटली. मग संध्याकाळवालीकडे टक लावून म्हणाली, "ताई, तू गेलीयेस?"

तो तिच्याकडे बघत होता. सकाळीच ज्याने तिला लिफ्टमध्ये रडवेली पाहिलं, तोच. आता पुन्हा भित्री ठरायचं? तिचं मन 'नाही' म्हणेपर्यंत जिभेने काम उरकलंही होतं.

"हो तर! कितीतरी वेळा."

"काय दिसतं वरून?"

"तलाव दिसतो, सगळे पाळणे दिसतात... आणि आपल्या हॉटेलचं लालचुटूक छप्पर."

"भीती नाही वाटत?"

"अजिबात नाही."

धाकटीने मामाचा शर्ट सोडला. "मग मी जाईन."

उचलली जीभ लावली टाळ्याला! तिला स्वतःचाच राग आला. पण तो मात्र भुवया उंचावून हसत होता. "लिफ्टला घाबरता आणि बलूनला नाही?"

"लिफ्टमध्ये खिडकी नसते," ती म्हणाली. खोटं एकदा सुरू झालं की त्याला पाय फुटतात.

"मग तिसऱ्या दिवशी तुम्हीपण चला आमच्याबरोबर. तुम्ही असलात की धाकटी रडणार नाही." जरा थांबून, कार्डाकडे बघत त्याने पुढे जोडलं, "आणि... मलाही बरं वाटेल."

दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. एकीकडे बलून, दुसरीकडे तो. कशाची धास्ती जास्त, तेच तिला उमगेना. होडीच्या संध्याकाळी तो मुद्दाम टेबलापाशी रेंगाळला. "आज काय नेसू... म्हणजे, घालू? होडीत थंडी असते का?" असं काहीतरी विचारून स्वतःच लाजला. ती खळखळून हसली. मग खोलीवर जाऊन रडली, कारण इतक्या सरळ माणसाशी ती खोटं बोलली होती.

*

तिसऱ्या संध्याकाळी मैदानात गार वारा सुटला होता. टोपलीत आठ जणांची जागा होती. तिने एक पाय पायरीवर ठेवला आणि लगेच मागे घेतला. तेवढ्यात मागे एक म्हातारं जोडपं दिसलं. बुडत्याला काडीचा आधार.

"तुम्ही जा ना," ती घाईघाईने म्हणाली. "मी काय, नेहमीचीच आहे."

"मग माझीही जागा घ्या," तो त्या जोडप्याला म्हणाला आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तिच्याकडे त्याने असं पाहिलं की जणू काही तिने मोठा त्याग केला होता. तिला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

बलून वर गेला. धाकटीचा हात हलताना दिसत होता, मग तो दिसेनासा झाला. आणि तेव्हाच तलावावरून वाऱ्याचा पहिला जोरदार झोत आला. बलून एका अंगाला कलला. खाली तार गुंडाळणारं यंत्र घरघरलं आणि थांबलं.

वरून एक बारीक किंकाळी आली.

"काका, काय झालं?" तिने यंत्रापाशी उभ्या असलेल्या बलूनवाल्या काकांना विचारलं.

"वाऱ्याचा झोत आहे. आता खेचलं तर टोपली हेलपाटेल. जरा पडू दे वारा, मग घेतो."

तिने लिफ्टवाल्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मान वर, ओठ घट्ट मिटलेले. वर त्याची आई होती. वर ती सहा वर्षांची पोर होती, जी केवळ हिच्या शब्दावर टोपलीत चढली होती.

"ऐका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू येईना. "मी कधीच वर गेले नाहीये. एकदाही नाही. मला भीती वाटते. मी तुमच्याशी... तिच्याशी... खोटं बोलले."

त्याने तिच्याकडे बघितलंदेखील नाही. फक्त दोन पावलं पुढे, तारेच्या दिशेने सरकला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्या दोन पावलांनी तिचं काळीज चिरलं.

वरून पुन्हा रडणं ऐकू आलं. काकांच्या हातात वॉकीटॉकी होता. वर टोपलीतल्या माणसाजवळ दुसरा. तिने पुढचा-मागचा विचार न करता तो काकांच्या हातातून घेतला.

"धाकटीला द्या," ती म्हणाली. "बाळा, मी ताई बोलतेय. ऐकू येतंय?"

हुंदके.

"बलून अडकलाय ना? अडकलाय म्हणजे तारेने धरून ठेवलाय. धरलेली वस्तू पडत नसते, तुझा मामाच सांगतो. आता मला सांग... खाली उतरल्यावर पहिलं काय करणार?"

हुंदके थांबले. नाक ओढल्याचा आवाज आला. मग रागाने फणफणत उत्तर आलं, इतकं खणखणीत की काकांनीही ऐकलं :

"मामाला तुझं नाव सांगणार! छप्पर लाल नाहीच्चे! हिरवं आहे!"

गळती थांबवायला गेल्या वर्षी छपराला हिरवा रंग मारला होता. हे तिला कुठून ठाऊक असणार? छपरावर जायलाही ती घाबरायची.

"नक्की सांग," ती म्हणाली. डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं. "आणखी काय काय खोटं सांगितलं मी? बघ बरं नीट."

आणि धाकटी बघत राहिली, एकेक चूक काढत राहिली, आणि पंधरा मिनिटांनी वारा पडला. यंत्र पुन्हा घरघरलं. टोपली जमिनीला टेकली तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्याने दोन्ही भाच्यांना एकदम उचललं, आईला जवळ घेतलं आणि एक शब्दही न बोलता हॉटेलकडे चालू लागला.

*

चौथ्या दिवशी चार वाजले, पाच वाजले. टेबलापाशी सगळे आले, तो नाही आला. उद्या सकाळच्या बसने ते जाणार होते. कार्डावरची ती ओळ तिला डोळ्यांत खुपत होती.

सव्वापाचला त्याची आई आली. खुर्ची ओढून बसली.

"अगं, चेहरा का असा उतरलाय?"

"ते रागावलेत ना माझ्यावर?"

"रागावला की तो बडबड करतो. दुसऱ्याच्या भीतीत याच्याएवढा धीराचा माणूस नाही. पण स्वतः घाबरला की याची वाचाच बसते, लहानपणापासून." मग तिने आवाज खाली आणला. "काल बलून खाली आला, तरी याचं तोंड काही उघडलं नाही. तेव्हा म्हटलं, आता हा कशाला घाबरतोय? जा, तूच विचार. मैदानात बसलाय."

ती गेली. तो त्याच बाकावर बसला होता, जिथे ती तीनदा बसून परतली होती. तिला बघून उठला, तोंड उघडलं आणि मिटलं.

"दोन जागा आहेत," काका ओरडले. "चढताय का?"

ती टोपलीची कडा घट्ट धरून चढली. मागून तो आला. टोपली हलली आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले.

अंधार. पायाखाली डुगडुग. आणि अंधारात कानाशी तोच सावकाश आवाज, लिफ्टच्या दारापलीकडून आला होता तसा.

"मी धरलंय," तो म्हणाला. खरंच धरलं होतं, तिचा हात. "तलाव आला. होड्या बोटाएवढ्या झाल्यात. पाळणे फिरतायत. घाबरू नका."

"मी घाबरणारच," ती म्हणाली. "पण खोटं नाही बोलणार."

आणि तिने डोळे उघडले.

बाप रे, किती खोल होतं सगळं! पण तलाव होता, पाळणे होते, आणि त्यांच्यामध्ये चौकोनी, हिरवंगार छप्पर होतं. तिने ते डोळे भरून पाहिलं. मग त्याच्याकडे वळली. आता थांबली तर पुन्हा कधीच बोलता येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"छप्पर हिरवं आहे. आणि मला तुम्ही आवडता. दोन्ही गोष्टी स्वतः पाहून सांगतेय."

तो गप्प.

वारा गप्प, टोपलीतले बाकीचे सगळे गप्प. आता हा काय म्हणेल? काहीच म्हणणार नाही का? तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. पांढराफटक. ओठ घट्ट मिटलेले.

त्याच्या आईचे शब्द तिला आठवले, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिची भीती थोडी सैल झाली.

"बरं," ती अगदी सावकाश म्हणाली, "खाली उतरल्यावर पहिलं काय करणार?"

"पाणी... पाणी पिणार."

"ठरलं. आणि मग?"

"मग तुमच्या टेबलापाशी येणार. उद्याची संध्याकाळ ठरवायला."

"उद्या? बस तर सकाळची आहे ना?"

"आईची आणि पोरींची," तो म्हणाला. "माझी बहीण, पोरींची आई, त्यांना घ्यायला स्टँडवर येणार आहे. मी... मी माझं तिकीट दुपारीच रद्द केलंय. तेव्हापासून बाकावर बसून होतो. सांगायचं कसं, याचीच भीती वाटत होती."

टोपली खाली उतरू लागली. तिने त्याचा हात सोडला नाही, आणि जमीन लागताच काकांना ओरडून पाणी मागितलं.